परसबागेतील श्रम आणि लहान पॉवर टिलर : परभणी जिल्ह्यातील काळ्या जमिनीच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

घरामागील परसबागेतील मशागतीचे काम हलके करण्यासाठी अलीकडे लहान पॉवर टिलरचा वापर होऊ लागला आहे. प्रस्तुत लेखात परभणी जिल्ह्यातील भारी काळ्या जमिनीत हे यंत्र कोणते काम करू शकते, केव्हा करू शकते आणि कोणाचे श्रम कमी करते, या तीन प्रश्नांचा विचार केला आहे. यंत्रामुळे खोदाईचे सर्वांत जड काम निश्चितच सुटते. परंतु परसबागेतील दैनंदिन काम, जे मुख्यतः स्त्रियांच्या वाट्याला येते, ते त्यामुळे आपोआप कमी होत नाही, किंबहुना जागा वाढल्यास ते वाढते. म्हणून यंत्राची निवड, वाफशाची वेळ आणि बागेची आखणी यांचा एकत्रित विचार आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : परसबाग, पॉवर टिलर, काळी जमीन, वाफसा, स्त्रीश्रम, अवजार बँक.

प्रस्तावना

परसबाग ही आपल्या ग्रामीण जीवनातील जुनी संस्था होय. न्हाणीघराच्या सांडपाण्यावर वाढणारी अळूची पाने, कुंपणावरचा दोडका, दाराशी असलेला शेवगा आणि कढीपत्ता यांनी अनेक घरांच्या रोजच्या भाजीची सोय पिढ्यान्‌पिढ्या केली आहे. महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने म्हणजेच ‘उमेद’ने २०२० मध्ये ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीम हाती घेतली. तेव्हापासून बचत गटांच्या माध्यमातून या विषयाकडे पोषणाच्या दृष्टीने नव्याने पाहिले जाऊ लागले.

पोषणाचा विचार करता परसबागेचा आकार हा कळीचा मुद्दा ठरतो. राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद हिच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाजीपाला खाणे इष्ट आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला या हिशेबाने दिवसाला २ किलो आणि वर्षाला ७३० किलो भाजीपाला लागेल. देशातील भाजीपाल्याची सरासरी उत्पादकता हेक्टरी सुमारे १८ टन धरली तर एका गुंठ्यातून एका हंगामात १८० किलो उत्पादन अपेक्षित आहे. म्हणजे दोन गुंठे जागा वर्षातून दोनदा पिकविली तर ७२० किलो भाजी मिळू शकते. हा हिशेब ढोबळ आहे. तरीही कुटुंबाची गरज भागविण्यासाठी एखाद-दुसरा वाफा पुरेसा नसून दोन गुंठ्यांच्या आसपास जागा लागते, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

मात्र पाण्याची व जागेची सोय असूनही बहुतेक परसबागा अर्ध्या गुंठ्याच्या पुढे जात नाहीत. याचे एक महत्त्वाचे कारण खोदाईच्या श्रमात आहे. लहान पॉवर टिलरचा विचार करावयाचा तो या संदर्भात.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. परसबागेतील मशागतीच्या श्रमाचे स्वरूप व प्रमाण समजून घेणे.
२. काळ्या जमिनीच्या गुणधर्मांच्या संदर्भात लहान पॉवर टिलरच्या कार्यक्षमतेचा व मर्यादांचा विचार करणे.
३. यंत्रामुळे होणाऱ्या श्रमबचतीची कुटुंबातील विभागणी तपासणे.
४. सामुदायिक वापरासंबंधी व्यवहार्य सूचना करणे.

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून उपलब्ध माहितीस साध्या गणिताची जोड दिली आहे.

पॉवर टिलरची पार्श्वभूमी

फिरत्या पात्यांनी माती फोडण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीची आहे. स्वित्झर्लंडमध्ये कोनराड फॉन मायेनबुर्ग यांनी आणि ऑस्ट्रेलियात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी या दिशेने काम केले. हॉवर्ड यांनी १९१२ मध्ये आपल्या वडिलांच्या शेतावर प्रयोग सुरू केले. नांगर माती उलथतो आणि खाली दाबतोही. त्याऐवजी पात्यांनी माती कापून भुसभुशीत करावी, हा त्यामागील विचार होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या लहान भातखाचरांत दोन चाकांचा, हाताने धरून चालविण्याचा टिलर रुजला. भारतात तो १९६० च्या दशकात आला. बंगळूरु येथे १९६७ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएसटी कंपनीने जपानच्या मित्सुबिशी कंपनीच्या सहकार्याने, तर केरळ शासनाच्या केमको या कंपनीने १९७३ पासून कुबोटा कंपनीच्या सहकार्याने पॉवर टिलरचे उत्पादन केले.

या इतिहासातील एक गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आपल्याकडे आलेला टिलर प्रामुख्याने चिखलणी केलेल्या भातखाचरांसाठी घडला होता. मराठवाड्यातील कोरडवाहू, भारी काळ्या जमिनीसाठी त्याची मूळ रचना झालेली नव्हती. त्यामुळे कोकणातील वाडीत किंवा भातशेतीत जे यंत्र सहज चालते तेच परभणीत त्याच रीतीने चालेल, असे गृहीत धरता येत नाही.

आज बाजारात ‘मिनी टिलर’, ‘पॉवर विडर’ व ‘पॉवर टिलर’ ही नावे बऱ्याचदा सरमिसळ करून वापरली जातात. सोयीसाठी त्यांचे तीन गट करता येतील. पहिला गट दोन ते तीन अश्वशक्तीच्या, हाताने उचलता येणाऱ्या हलक्या यंत्रांचा. गवत कापण्याच्या यंत्राला जोडावयाची टिलरची पातीही यातच येतात. दुसरा गट पाच ते सात अश्वशक्तीच्या पेट्रोल इंजिनाच्या, साधारणतः ६० ते १०० किलो वजनाच्या यंत्रांचा. तिसरा गट बारा-तेरा अश्वशक्तीच्या, सुमारे ४०० किलो वजनाच्या डिझेल टिलरचा. हा तिसरा गट शेतासाठी योग्य असला तरी परसबागेत तो वळविताही येत नाही. त्यामुळे येथे पहिल्या दोन गटांचाच विचार अभिप्रेत आहे.

खोदाईचे श्रम : एक हिशेब

एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. ही जागा १५ सेंटीमीटर खोल खोदावयाची तर सुमारे १५ घनमीटर माती हलवावी लागते. एका घनमीटर मातीचे वजन १.३ टन धरल्यास ही माती जवळजवळ २० टन भरते. कुदळीच्या प्रत्येक घावाने ५ किलो माती सुटते असे मानले तर एका गुंठ्यासाठी ४००० घाव घालावे लागतील. प्रत्येक घावास सहा सेकंद लागले तरी विश्रांतीचा वेळ वगळून साडेसहा तासांहून अधिक काम होते. म्हणजे एका सशक्त माणसाचा पूर्ण दिवस एका गुंठ्यात जातो आणि दोन गुंठ्यांना दोन दिवस लागतात. माणूस दीर्घकाळ सातत्याने जेवढी शक्ती देऊ शकतो ती केवळ ०.१ अश्वशक्तीच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचा जडपणा ध्यानी येतो.

पूर्वी हे काम क्वचित बैलांकडून होत असे. लाल कंधारी व देवणी या जातींचे बैल हे मराठवाड्याचे वैभव. परंतु बैलजोडीला वळण्यासाठी लागणारी जागा घराच्या मागे नसते. शिवाय बैलांची संख्याही घटत आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील नर गोवंश २०१२ च्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला. परभणीच्या कृषी विद्यापीठात पशुशक्तीच्या योग्य वापरावर अखिल भारतीय समन्वित योजनेअंतर्गत प्रदीर्घ काम झाले आहे, तथापि त्याचे क्षेत्र शेत हे आहे, परसदार नव्हे.

आता टिलरचा हिशेब पाहू. ४५ सेंटीमीटर रुंदीची पाती असलेले यंत्र एका गुंठ्यात एकदा फिरविण्यासाठी चालकाला सुमारे २२५ मीटर चालावे लागते, दोनदा फिरविण्यासाठी ४५० मीटर. वळणे, अडथळे व पात्यांत अडकलेले गवत काढण्याचा वेळ धरूनही हे काम तासाभरात आटोपते. पेट्रोलचा खर्च तासाला लिटरभराच्या आसपास येतो. पेट्रोलच्या दराच्या बाबतीत परभणी दुर्दैवाने राज्यात नेहमीच पुढे राहिले आहे. २०२१ मध्ये साध्या पेट्रोलने लिटरला १०० रुपयांचा टप्पा ओलांडला तेव्हाही राज्यातील सर्वाधिक दराच्या शहरांत परभणीचे नाव होते. तरीसुद्धा मजुराच्या दिवसभराच्या रोजाशी तुलना करता हा खर्च थोडाच ठरतो.

काळी जमीन आणि वाफसा

परभणी जिल्ह्यातील गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत भारी काळी जमीन मोठ्या प्रमाणावर आढळते. या जमिनीत स्मेक्टाइट प्रकारच्या चिकणमातीचे प्रमाण जास्त असते. पाणी मिळाले की ही माती फुगते, सुकली की आकसते. उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या रुंद, खोल भेगा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. या गुणधर्मामुळे टिलरच्या वापराला दोन्ही बाजूंनी मर्यादा पडते.

जमीन पूर्ण कोरडी असताना ती दगडासारखी कठीण असते. हलके यंत्र अशा जमिनीत शिरतच नाही. पाती आपटतात, यंत्र उड्या मारत पुढे पळते आणि चालकाचे खांदे व मनगटे दुखावतात. उलट जमीन ओली असताना यंत्र चालविले तर माती पात्यांना लपेटते, भुसभुशीत होण्याऐवजी तिचे गोळे वळतात आणि ते वाळल्यावर विटेसारखे घट्ट होतात. शिवाय पाती जेथपर्यंत पोहोचतात तेथे गुळगुळीत, दाबलेला थर तयार होतो. या थराखाली पाणी मुरत नाही आणि मुळे जात नाहीत. वरची माती मऊ दिसते, पण पावसाळ्यात वाफ्यात पाणी साचून टोमॅटो-मिरचीची रोपे मर रोगाला बळी पडतात. हे नुकसान लगेच दिसून येत नाही, हेच त्यातील धोक्याचे कारण होय.

या दोन टोकांमधील स्थिती म्हणजे वाफसा. तो ओळखण्याची साधी रीत अशी : १० सेंटीमीटर खोलीवरील मूठभर माती घेऊन तिचा गोळा करावा व कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडावा. गोळा फुटून विखुरला तर वाफसा आला असे समजावे. चपटा होऊन पडला तर थांबावे. गोळाच होत नसेल तर हलके पाणी देऊन काही दिवस वाट पाहावी. शेतीपेक्षा परसबागेत एक सोय अधिक आहे. घरच्या पाण्यावर वाफसा आपल्याला हवा तेव्हा आणता येतो.

हंगामाच्या दृष्टीने पाहता पहिली मशागत मृगाच्या पावसानंतर येणाऱ्या पहिल्या वाफशावर आणि दुसरी परतीचा पाऊस ओसरल्यावर, रब्बी भाज्यांच्या आधी करावी. मे महिन्यातील तापलेल्या जमिनीत लहान यंत्र घालण्याचा आग्रह धरू नये. पहिल्या फेरीत पाती ५ ते ७ सेंटीमीटरच ठेवावीत, त्यानंतर शेणखत पसरून दुसऱ्या फेरीत अधिक खोल जावे. असे केल्याने इंजिनावर ताण पडत नाही आणि खतही मातीत चांगले मिसळते.

अतिमशागत टाळणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. भेगा पडणे व भरणे या क्रियेतून काळी जमीन काही अंशी स्वतःच स्वतःची मशागत करीत असते. यंत्र हाताशी आहे म्हणून वारंवार फिरविले तर मातीची कणरचना मोडते, जोरदार पावसानंतर पृष्ठभागावर पापुद्रा धरतो आणि मुळातच अल्प असलेला सेंद्रिय कर्ब आणखी घटतो. हरळी व लव्हाळा यांच्या बाबतीत तर विशेष सावधगिरी हवी. हरळीचे प्रत्येक तुटलेले कांडे नवे रोप होते. लव्हाळ्याच्या गाठीही टिलरमुळे सर्व वाफ्यांत पसरतात. ही तणे असलेला भाग आधी कुदळीने खणून, मुळे व गाठी वेचून मगच यंत्र चालवावे.

श्रमबचत कोणाची?

यंत्राच्या उपयुक्ततेची चर्चा बहुधा येथवर येऊन थांबते. परंतु परसबागेतील श्रमाचा खरा प्रश्न यापुढे सुरू होतो.

दोन गुंठे जागा वर्षातून दोनदा खोदण्यासाठी हाताने चार दिवस, म्हणजे सुमारे ३२ तास लागतात. पाणी घालणे, खुरपणी, वेलांना आधार देणे आणि भाजी तोडणे यांसाठी दररोज केवळ एक तास धरला तरी वर्षाचे ३६५ तास होतात. म्हणजे एकूण वेळेपैकी खोदाईचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी आहे. टिलर हा दहावा हिस्सा वाचवितो. तो सर्वांत जड हिस्सा आहे, हे खरे. परंतु तो प्रायः घरातील पुरुष किंवा रोजंदारीचा मजूर करीत असतो. उरलेले तास उकिडवे बसून, वाकून, घागरी वाहून काम करणाऱ्या स्त्रियांचे असतात.

यातून एक विपरीत परिणाम संभवतो. खोदाई सोपी झाल्यामुळे अर्ध्या गुंठ्याची बाग दोन गुंठ्यांची होते. पुरुषाचे दोन दिवसांचे काम दोन तासांवर येते आणि स्त्रीची खुरपणी मात्र चौपट होते. कुटुंबाच्या ताटात भाजी वाढली, पण ती कोणाच्या पाठीवर वाढली, हा प्रश्न विचारल्याशिवाय यांत्रिकीकरणाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठातील पूर्वीच्या गृहविज्ञान व आताच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयाने शेतकरी महिलांचे काबाडकष्ट कमी करण्याचा विषय अभ्यासाच्या कक्षेत आणला आहे. परसबागेलाही तीच दृष्टी लावणे आवश्यक आहे.

यावर उपाय बागेच्या आखणीत आहे. वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी यांची लागवड ६० सेंटीमीटर अंतराच्या सरळ ओळींत केली तर दोन ओळींमधील तण उभ्याने चालवावयाच्या सायकल कोळप्याने किंवा ३० सेंटीमीटर रुंदीच्या हलक्या टिलरने काढता येते आणि बसून करावयाची खुरपणी रोपांच्या बुंध्यापुरती उरते. मेथी, पालक, कोथिंबीर यांचे वाफे हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोहोचेल एवढेच, म्हणजे सुमारे एक मीटर रुंद ठेवावेत. ओळींत पाचट, वाळलेला पाला किंवा सोयाबीनचे काड यांचे आच्छादन केल्यास तण व पाणी दोन्हींचे काम घटते. पाण्यासाठी ठिबकच्या नळ्या टाकल्या तर घागरींच्या खेपा वाचतात. मात्र मशागतीपूर्वी त्या गुंडाळून ठेवाव्या लागतात. या चार गोष्टी नसतील तर टिलर घेण्याची घाई करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सुरक्षितता

लहान यंत्राला लोक खेळणे समजतात, ही चूक आहे. फिरती पाती मातीला कापतात तशीच पायालाही कापतात. यंत्र मागे घेताना बहुतेक धोका संभवतो, कारण पाती चालकाच्या पायांकडे येतात. साडीचा पदर किंवा ओढणी खोचलेली असावी, पायांत बंद बूट असावेत, पात्यांवरील झाकण काढू नये आणि अडकलेले गवत इंजिन पूर्ण बंद केल्यावरच काढावे. परसदारात पुरलेली नळाची पाइपलाइन, विजेची वायर, विटांचे तुकडे व प्लास्टिकच्या पिशव्या यांची पाहणी अगोदर करावी. लहान मुलांना त्या वेळी दूर ठेवावे.

हातांना बसणाऱ्या कंपनांचाही विचार व्हावा. दीर्घकाळ कंपने सोसल्याने बोटे बधिर होणे, पांढरी पडणे असे विकार जडतात. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या कामासाठी हातांवरील कंपनाची सरासरी २.५ मीटर प्रतिसेकंद वर्गापेक्षा अधिक झाल्यास उपाययोजना करणे बंधनकारक आहे आणि ५ ही कमाल मर्यादा आहे. स्वतःच्या बागेत वर्षातून चार तास यंत्र चालविणाऱ्याला हा प्रश्न फारसा भेडसावणार नाही. परंतु गावातील सर्वांच्या बागा करून देणाऱ्या चालकाला तो निश्चित भेडसावेल. म्हणून सामुदायिक वापरात दोन चालकांनी आळीपाळीने काम करणे योग्य.

मालकी की सामुदायिक वापर?

दोन गुंठ्यांच्या बागेत टिलरचे काम वर्षाला चार तासांचे आहे. चार तासांच्या कामासाठी प्रत्येक घराने हजारो रुपयांचे यंत्र विकत घेणे आर्थिकदृष्ट्या समर्थनीय नाही. तेव्हा सामुदायिक वापर हाच मार्ग उरतो. परंतु सर्वांच्या बागांना वाफसा साधारणतः एकाच वेळी येतो, ही त्यातील अडचण आहे. दहा कुटुंबांच्या वीस गुंठ्यांना एका हंगामात वीस तास, म्हणजे तीन दिवस लागतील. वाफशाचा अल्प काळ पाहता एका यंत्रामागे दहाच्या आसपास कुटुंबे असावीत. ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे त्यांनी पाणी देऊन आपला वाफसा पुढेमागे करावा आणि पावसावर अवलंबून असलेल्यांना प्राधान्य द्यावे.

शासकीय साहाय्याच्या बाबतीत एक विसंगती नोंदविणे आवश्यक वाटते. केंद्र शासनाच्या २०१४-१५ पासूनच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात पॉवर टिलरचा समावेश असून अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, तर इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदानाची, कमाल मर्यादेच्या अधीन राहून, तरतूद करण्यात आली. हे अनुदान शेतजमिनीच्या धारणेशी निगडित आहे. गावठाणातील परसदाराची नोंद मात्र सातबाऱ्यावर नसून ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये असते. आणि ज्या स्त्रिया परसबाग करतात त्यांपैकी अनेकींचे नाव सातबाऱ्यावर नसते. पत्नीच्या नावाची सातबाऱ्यावर नोंद व्हावी म्हणून राज्य शासनाने १९९२ मध्ये लक्ष्मीमुक्ती योजना आणली होती, हे येथे आठवते. सध्याच्या चौकटीत वैयक्तिक अर्जापेक्षा बचत गट किंवा अवजार बँक यांच्या नावे यंत्र घेणे हा अधिक व्यवहार्य पर्याय दिसतो.

निष्कर्ष व सूचना

१. एका गुंठ्याच्या खोदाईत सुमारे २० टन माती हलवावी लागते. हे श्रम लहान पॉवर टिलरमुळे दिवसावरून तासावर येतात. त्यामुळे कुटुंबाला पुरेल एवढी परसबाग शक्य होते.
२. काळ्या जमिनीत यंत्राच्या अश्वशक्तीपेक्षा वाफशाची वेळ अधिक निर्णायक आहे. नवी जागा फोडण्यासाठी पाच ते सात अश्वशक्तीचे आणि तयार वाफ्यांसाठी हलके यंत्र उपयुक्त ठरते.
३. यंत्र केवळ खोदाईचे श्रम वाचविते. ओळींची लागवड, सायकल कोळपे, आच्छादन व ठिबक यांची जोड नसल्यास स्त्रियांचे श्रम वाढण्याची शक्यता आहे.
४. सुमारे दहा कुटुंबांमागे एक यंत्र व दोन प्रशिक्षित चालक अशी व्यवस्था बचत गटामार्फत करावी. चालकांमध्ये स्त्रियांचा समावेश असावा.
५. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना विभागांनी दत्तक गावातील शिबिरात परसबागेच्या कामांच्या तासांची नोंद घेण्याचा उपक्रम करावा. कोणते काम, किती वेळ आणि कोणी केले, एवढ्या तीन रकान्यांची वही त्यासाठी पुरेशी आहे. यंत्र येण्यापूर्वी आणि आल्यानंतर अशी वर्षभराची नोंद झाल्यास श्रमबचतीचा दावा तपासून पाहता येईल.

सारांश, परसबागेत टिलर आणण्याचा निर्णय घेताना जमिनीचा वाफसा जसा हातात घेऊन पाहावा, तसाच घरातील कामाचा वाटाही पाहावा. या दोहोंचा मेळ जेथे बसतो तेथे हे छोटे यंत्र खरोखर श्रमहारी ठरते.